सुगीनंतरची कैद

फरूजा ही माझ्या आजोबांची थोरली बहीण. ती एकूण किती वेळा कैदेत गेली, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. आजोबा म्हणायचे एकवीस, आजी म्हणायची बावीस. घोळ एकाच सालाचा होता. त्या साली शिपायाने तिला धरून नेलं खरं, पण कोठडीची किल्ली खिशात टाकून फ्रेंच साहेब शिकारीला गेले होते. दोन दिवस तिला कचेरीच्या ओट्यावर बसवलं आणि मग घरी धाडलं. ओट्यावर बसणं ही कैद धरायची की नाही, यावर आजी-आजोबा शेवटपर्यंत भांडले. खुद्द फरूजाला विचारलं तर ती म्हणायची, "ओट्यावर ऊन चांगलं येतं."

तिने कधी कुणाची चोरी केली नाही, कुणावर हात उगारला नाही. दर थंडीत ती आपल्या झाडाचे जैतून उतरवायला जायची, एवढाच तिचा गुन्हा.

आमचं गाव ताझार्त. अल्जीयर्सच्या पूर्वेला, जुर्जुराच्या डोंगरात, एका धारेवर. घरं वर आणि शेतं खाली, ओढ्याच्या अंगाला. आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं असतं, कधीकधी एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन भावांच्या असतात, आणि त्यावरून भांडणं झाली तरी नवल कुणाला वाटत नाही. माझे पणजोबा आक्ली यांनी चुलतभावाच्या शेतात उगवलेल्या एका रानटी जैतुनावर कलम बांधलं होतं. ज्याचं कलम त्याचं झाड. झाड मोठं झालं, चांगलं धरायला लागलं.

फरूजाचं लग्न शेजारच्या गावात झालं होतं. नवरा खाणीत कामाला गेला आणि तिकडेच वारला. मूलबाळ नव्हतं. ती चोविसाव्या वर्षी एक घोंगडी आणि दोन चांदीच्या पाटल्या घेऊन माहेरी परत आली. रिवाजाप्रमाणे आमच्याकडे बाईला जमिनीत वाटा नाही. आक्ली रिवाज मोडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी फक्त एवढंच पाहिलं, की रिवाजात जमिनीचं नाव आहे, झाडाचं नाही. एका शुक्रवारी ते गावसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "ओढ्याजवळचं माझं कलमी झाड आजपासून माझ्या फरूजाचं. कुणाला हरकत असेल तर आत्ता बोला, नंतर खोकूसुद्धा नका."

एक म्हातारा खोकला. त्याला पाणी प्यायला बाहेर पाठवण्यात आलं. झाड फरूजाचं झालं.

पुढच्याच वसंतात, म्हणजे १८७१ साली, फ्रेंचांविरुद्ध सगळा डोंगर उठला. आम्ही हरलो. हे सांगायला जेवढा वेळ लागतो त्याहून फार जास्त वेळ लागला नाही. आक्ली त्यात गेले. मग सरकारने शिक्षा म्हणून खालची सगळी चांगली जमीन जप्त करायचं ठरवलं आणि साखळ्या, खुंट्या, छत्री असं सामान घेऊन एक अधिकारी मोजणीला आला. त्याच्याबरोबर दुभाष्या होता, सी मेझियान. शहरात शिकलेला, नवाच नोकरीला लागलेला, स्वच्छ पांढऱ्या बुर्नूस झग्यातला माणूस. याने पुढे पंचवीसेक वर्षं फरूजाचं बोलणं साहेबलोकांना समजावलं. खरं म्हणजे समजू दिलं नाही, आणि त्यातच तिचं भलं होतं.

अधिकारी घोड्यावरूनच विचारत होता.

"ही जमीन कुणाची?"

"आमच्या भावकीची," माझे आजोबा लूनिस म्हणाले.

"म्हणजे बंडखोरांची. सरकारजमा. पुढची."

"आणि झाड?" फरूजा मधेच म्हणाली. बायका मागे उभ्या होत्या, तिथून ती पुढे आली.

"कुठलं झाड?"

"ते. ते माझं आहे. मी बंडात नव्हते. झाडही नव्हतं."

सी मेझियानने सांगितलं. अधिकाऱ्याने त्याला विचारलं, "हिची जमीन कुठे आहे?"

"जमीन नाही म्हणते, साहेब. फक्त झाड."

"झाड कशावर उभं आहे?"

"जमिनीवर."

"मग झालं की."

फरूजा म्हणाली, "त्याला विचार, तो घोड्यावर बसलाय. घोडा सरकारचा. मग तोही घोड्याबरोबर सरकारजमा झाला का?"

सी मेझियानने घसा साफ केला आणि फ्रेंचमध्ये सांगितलं, "बाई म्हणते, ठीक आहे."

दोन वर्षांनी त्या जमिनीवर क्लिंगलर नावाचा माणूस आला. तो आल्सास नावाच्या मुलखातला होता. तो मुलूख जर्मनांनी लढाईत जिंकून घेतला होता, म्हणून त्याच्या सरकारने त्याला आमचा दिला. बरोबर बायको, तीन मुलं आणि एक भिंतीवरचं घड्याळ. त्याला बटाट्याची शेती येत होती. जैतुनाची झाडं त्याने जन्मात पाहिली नव्हती. पहिल्या शरदात त्याने एक फळ तोडून तोंडात टाकलं, थुंकलं, आणि सरकारने आपल्याला विषारी झाडं दिल्याची तक्रार कचेरीत केली. पहिल्याच उन्हाळ्यात तापाने त्याची दोन मुलं गेली होती. ओढ्याकाठी दोन छोटे लाकडी क्रूस होते. आमच्या बायका पाण्याला जाताना तिथून जरा लांबून जायच्या. लेकरांची जागा म्हणून.

त्या थंडीत वरच्या कड्यावर पहिलं बर्फ दिसलं, तेव्हा फरूजा टोपली आणि काठी घेऊन खाली उतरली आणि झाडावर चढली. क्लिंगलर बाहेर आला. एक बाई त्याचं झाड बडवत होती. तो ओरडला. तीही वरून काहीतरी बोलली. दोघांना एकमेकांचं अक्षर कळलं नाही, पण मुद्दा दोघांनाही कळला. क्लिंगलरने शिपायाला बोलावलं.

शिपाई बेलाइद. आमच्या पलीकडच्या गावचा, निळा बुर्नूस आणि कमरेला पितळी बिल्ला. एक मामा सोडला तर त्याच्या घरात कुणी सरकारी चाकरी केली नव्हती, त्यामुळे तो सदैव थोडा शरमलेला असे.

"मावशी, खाली ये," तो म्हणाला.

"अर्धं झाड व्हायचंय."

"मावशी, मला तुला धरून न्यायचंय."

"मग थांब. काठी धर. ती खालची फांदी तेवढी झोड, माझा हात पोचत नाही."

बेलाइदने इकडेतिकडे पाहिलं आणि फांदी झोडली. मग तिला धरून नेलं.

आमच्यासारख्यांसाठी एक वेगळा कायदा होता, तो फ्रेंचांना लागू नव्हता. त्यात वकील नाही, न्यायाधीश नाही. साहेबाने ठरवलं की पाच दिवस आत. फरूजाला पाच दिवस झाले. पण कोठडी एकच, तीही पुरुषांची. बाईमाणूस कैदेत येईल असं कुणी धरलंच नव्हतं. शेवटी तबेल्याशेजारी खोगिरं आणि चंदी ठेवायची एक खोली होती, तिथे तिला कोंडलं. जैतून जप्त झाले आणि क्लिंगलरला देण्यात आले. त्याने ते डुकरांना घातले.

हे तिला कळलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. कैदेत नव्हती रडली. माझी आजी सकुरा, म्हणजे तिची भावजय, सांगायची, "वन्सं चुलीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, डुकरांना गं. बाबांचं कलम. सकाळी उठून म्हणाल्या, पुढच्या साली टोपली तू न्यायची."

पुढच्या सालापासून तसंच ठरलं. फरूजा झाडावर, खाली सकुरा आणि आणखी एकदोघी वेचायला. टोपली भरली की ती ओढ्यातल्या वाटेने वर जायची. क्लिंगलर घरातून बाहेर येऊन, तक्रार करून, बेलाइद खाली येईपर्यंत झाडाखाली एकटी फरूजा उरायची. गुन्हेगार दर साली सापडायचा, मुद्देमाल कधीच नाही.

हळूहळू गावाने हे पंचांगात धरलं. आधी अंजीर, मग नांगरट, मग जैतून, मग फरूजाची कैद, मग घाणा. तिच्या वाटणीचं तेल ती सुटून आल्याशिवाय काढत नसत. कुणाचं लग्न ठरवायचं झालं तर म्हणत, त्या आठवड्यात नको, फरूजा नसेल. लग्नातली गाणी ती म्हणायची आणि तिच्याशिवाय ती बेसूर व्हायची.

पाणवठ्यावर बायका टोचायच्या. "काय फरूजा, यंदा खोलीत ऊब आहे का?"

"भिंतीपलीकडे घोडे आहेत ना. तुझ्या नवऱ्यापेक्षा कमी घोरतात."

सगळे हसत नव्हते. आजोबांना लाज वाटायची. पुरुषमाणसाची बहीण वर्षाला एकदा शिपायाबरोबर गावातून चालत जाते, ही काही मिरवायची गोष्ट नव्हती. ते एकदा म्हणाले, "अक्का, माझ्या दोन झाडांचं तेल घे. वर्षभर पुरेल. सोड ते."

"तुझी झाडं चांगली आहेत," फरूजा म्हणाली, "पण तुझी आहेत."

क्लिंगलर शिस्तीचा माणूस होता. ती सकाळी चढली की तो दहाच्या सुमारास तक्रार करायचा, त्याआधी नाही, कारण आधी तो कॉफी प्यायचा. एका थंडीत तो तापाने फणफणला होता तेव्हा त्याच्या बायकोने येऊन तक्रार केली. पण दहा-बारा वर्षांत तो आमची भाषा बरीच शिकला, मजुरांकडून. मजूर आमच्याच गावचे होते. स्वतःच्या जुन्या शेतात रोजावर जायचे. त्यामुळे त्याच्या तोंडी शिव्या उत्तम बसल्या होत्या, आदरार्थी मात्र त्याला कधी जमलं नाही.

एका वर्षी त्याने झाडांची छाटणी काढली आणि पहिली चार झाडं बोडकी करून टाकली. फरूजाने वरून, धारेवरून पाहिलं. सुगी नव्हती, काही नव्हतं, तरी तरातरा खाली उतरली.

"हे काय केलंस?"

"माझं झाड आहे," क्लिंगलर म्हणाला.

"तुझं असतं तर असं कापलं असतंस? वरून ऊन कुठे जाणार? आतली ठेवलीस आणि बाहेरची तोडलीस. बकरीनेसुद्धा विचार करून खाल्लं असतं."

तिने त्याच्या हातातला कोयता घेतला आणि कुठली फांदी राखायची, कुठली काढायची ते दाखवलं. तो बघत राहिला. दोन तास गेले. मग तो ओढ्याच्या काठावर बसला आणि म्हणाला, "माझ्या घरी, तिकडे, नाशपातीचं झाड होतं. माझ्या आज्याने लावलेलं."

"कुठाय ते?"

"जर्मनांकडे. जमिनीबरोबर गेलं."

फरूजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू मागितलं नाहीस?"

"झाड कोण मागतं?"

"वेडा आहेस," ती म्हणाली आणि वर निघून आली.

दुसऱ्या दिवसापासून क्लिंगलरने बाकीची झाडं तिने दाखवल्याप्रमाणे छाटली. त्या थंडीत झाडांनी दुप्पट धरलं. फरूजा आपल्या झाडावर चढली. क्लिंगलरने कॉफी घेतली आणि दहाला तक्रार केली.

साहेब दर तीन-चार वर्षांनी बदलायचे. प्रत्येक नव्या साहेबाला तिचं प्रकरण नव्याने सापडायचं आणि प्रत्येकाला ते आपण मिटवू असं वाटायचं. एकाने दटावलं, एकाने खोगिरांच्या खोलीच्या आतल्या भिंतीला बाईसाठी चुना लावून घेतला. सगळ्यात धोक्याचा जो आला तो स्वभावाने चांगला होता. तरुण, गोरापान, आमच्या रिवाजांवर वहीत टिपणं काढणारा. तेव्हा फरूजाची पन्नाशी उलटली होती. त्याने तिला कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली, कॉफी दिली. सी मेझियानचे केस तोवर पिकले होते. तो टेबलापाशी उभा होता.

"तिला सांग," साहेब म्हणाला, "यंदापासून तिला कैद नाही. मी कागद केलाय. क्लिंगलरनेही सही केली आहे. दर साली तिने जावं, झाडावरचे सगळे जैतून घ्यावेत. कुणी अडवणार नाही."

सी मेझियानने सांगितलं. आणि या वेळी एक शब्दही न बदलता सांगितलं, कारण त्यालाही आनंद झाला होता.

फरूजाने कॉफी खाली ठेवली. "कागद वाच."

"मावशी, मी सांगितलं ना."

"तू सांगितलंस. आता वाच."

सी मेझियानने वाचलं. "क्लिंगलर यांच्या मालकीच्या झाडाची फळं, मालकाच्या मेहेरबानीने, विधवा फरूजा हिला..."

"थांब. मेहेरबानी कुणाची?"

"क्लिंगलरची."

"कुणाच्या झाडाची?"

सी मेझियानने कागद टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात आमच्या भाषेत म्हणाला, "मावशी, कागद आहे. कागदात असंच लिहितात. तुला फळं मिळतायत, तेल मिळतंय. पाच दिवस घोड्यांच्या मुतात झोपायचं वाचतंय. अंगठा कर. शब्दांचं काय लोणचं घालायचंय?"

"तू पंचवीस वर्षं शब्दांवरच जगलास, मेझियान."

"म्हणूनच सांगतो."

फरूजाने कागद उचलला, उलटसुलट पाहिला, आणि अगदी नीट घडी घालून साहेबासमोर ठेवला. "त्याला सांग, हा कागद माझा नाही. ज्याचं झाड त्यात लिहिलंय त्याला द्या. आणि कॉफी चांगली होती."

सी मेझियानने साहेबाकडे पाहिलं. फ्रेंचमध्ये तो म्हणाला, "बाई म्हणते, ती विचार करेल."

पण हा साहेब भाषा थोडी शिकलेला होता. वहीतली. त्याचे कान लाल झाले. दटावणाऱ्या साहेबांना फरूजाचा राग कधी आला नव्हता, याला आला. त्याने वर लिहिलं की बाई सरकारी कागद झिडकारते आणि गावाला चिथावते. अल्जीयर्सहून हुकूम आला, एक वर्ष हद्दपार. दूर दक्षिणेच्या पठारावरचं एक गाव, चार दिवसांची वाट.

न्यायला बेलाइदच आला. त्याने खेचर आणलं होतं. फरूजाने घोंगडी गुंडाळली, सुके अंजीर बांधून घेतले आणि सकुराला म्हणाली, "बर्फ दिसलं की थांबू नकोस. वरच्या फांद्यांना हळू झोड. त्या पुढच्या सालच्या असतात."

"वन्सं, तिकडे कोण आहे तुमचं?"

"कोणी नसेल. लोक असतील."

त्या थंडीत बर्फ दिसलं आणि सकुरा टोपली घेऊन निघाली. गल्लीत दुसरी बाई म्हणाली, थांब, मी येते. ओढ्यापर्यंत पोचेतो त्या नऊ झाल्या. क्लिंगलरने खिडकीतून पाहिलं आणि त्या दिवशी दहाच्या आधीच तक्रार केली. बेलाइद आला आणि नऊ बायकांपुढे उभा राहिला.

"झाडावर कोण चढलं होतं?"

"मी," सकुरा म्हणाली.

"मी," दुसरी म्हणाली. मग सगळ्याच म्हणाल्या. त्यात एक सात महिन्यांची गरोदर होती.

"एवढ्या सगळ्या एका झाडावर?"

"झाड मोठं आहे."

त्यांना धरून नेलं. खोगिरांच्या खोलीत चौघी मावायच्या, दाटीवाटीने. गरोदर होती तिला ओट्यावरूनच परत पाठवलं. उरल्या आठ. चौघींना आधी पाच दिवस आणि चौघींना नंतर पाच दिवस, असं ठरलं. पहिल्या चौघी आत गेल्या आणि दुसऱ्या चौघींनी घरी जायला नकार दिला, म्हणाल्या, वाट पाहतो. ओट्यावर बसून त्या गाणी म्हणू लागल्या. साहेबाला काम सुचेना.

इकडे गावात तिसऱ्या दिवशी पुरुषांची बैठक भरली. न्यायाअन्यायाबद्दल नाही. तीन दिवस कुणाच्या घरी भाकरी झाली नव्हती आणि सुके अंजीर खाऊन सगळ्यांची पोटं बिघडली होती. आजोबा पुढे झाले आणि अकरा पुरुष कचेरीवर गेले.

"काय मागणी आहे?" साहेबाने विचारलं.

आजोबांनी विचार केला. "बायका," ते म्हणाले.

साहेबाने आठही जणींना त्याच दुपारी सोडलं. ही गोष्ट गावात अजून सांगतात आणि आजोबांना फार शूर करून सांगतात. आजी मात्र म्हणायची, "शूर कसले. यांना जवाचं पीठ कुठे ठेवलंय ते ठाऊक नव्हतं."

फरूजा वर्षाने परत आली. तिकडच्या वर्षाबद्दल तिने तीनच गोष्टी सांगितल्या. तिथली जमीन सपाट आहे, इतकी की संध्याकाळी कुठे बघावं कळत नाही. लोक भले आहेत, पण दुसरी भाषा बोलतात. आणि पाणी खारट आहे. तिचे केस पांढरे झाले होते, पुढचे दात पडले होते आणि उजव्या डोळ्याने तिला दिसत नव्हतं. हे तिने सांगितलं नाही. भाकरी हाताला लागेना तेव्हा सकुराच्या लक्षात आलं.

ती नसताना क्लिंगलर वारला होता. तोच ताप, पंचवीस वर्षं झुंजलेला. त्याच्या उरलेल्या मुलाला शेती नको होती. त्याने सगळी जमीन किनाऱ्यावरच्या एका मोठ्या मालकाला विकली, जो तिथे कधीच आला नाही. तेव्हा सगळीकडे द्राक्षं लावायची लाट होती. मालकाने मुकादम पाठवला, मुकादमाने परमुलखातले मजूर आणले. बर्फ पडायच्या आधी, एका आठवड्यात, त्यांनी ओढ्यापर्यंतची सगळी झाडं काढली.

आमच्या घरी सगळ्यांनी हे पाहिलं होतं. फरूजाला एका डोळ्याने धारेवरून दिसत नव्हतं आणि सांगायला कुणी धजलं नाही. आजोबा सकुराला म्हणायचे, तू सांग. सकुरा म्हणायची, भाऊ कोण आहे? असं करता करता कड्यावर बर्फ दिसलं. फरूजा टोपली घेऊन निघाली. सकुरा मागोमाग गेली.

खाली सगळं मोकळं होतं. खड्डे, आणि ओंडक्यांचे ढीग. फरूजा उभी राहिली. मग एका ढिगापाशी गेली, हात फिरवत फिरवत. चौथ्या ढिगात तिला ते सापडलं. बुंध्यावर कलमाचा जुना जोड होता, मुठीएवढा फुगीर, तिच्या बापाने बांधलेला. ती त्यावर हात ठेवून उभी राहिली. सकुरा म्हणायची, "मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मला म्हणाल्या, सकुरा, आता मी काय करू गं?" तिने असं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मुकादम आला. माल्टाकडचा कुणी होता, आमची भाषा मोडकीतोडकी बोलायचा.

"काय पाहिजे, म्हातारे?"

"हे झाड कुणी तोडलं?"

"कुठलं? एकतीस होती."

"हे."

मुकादमाने खांदे उडवले. "लाकूड पाहिजे? ने. आम्हाला जाळायचंच आहे."

रिवाजाने तोडलेल्या झाडाचं लाकूड झाडाच्या मालकाचं असतं. म्हणून फरूजाने ते नेलं. आजोबांनी गाढव आणलं, शेजाऱ्यांनी दोन दिली, आणि दिवसभर फेऱ्या झाल्या. कुणी हटकलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या जमिनीवरून आपली वस्तू उजळ माथ्याने, भर दुपारी नेली, आणि मुकादमाच्या लेखी ती सरपण मागायला आलेली एक भिकारीण होती.

दुसऱ्या दिवशी तिने घोंगडी गुंडाळून दाराशी ठेवली. बेलाइद आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ती स्वतःच घोंगडी घेऊन कचेरीवर गेली आणि ओट्यावर बसली. बेलाइद आता म्हातारा होऊन दारवान झाला होता.

"मावशी, इथे काय करतेस?"

"तू का आला नाहीस?"

"तक्रार नाही, मावशी."

"मी लाकूड आणलं. सात खेपा. सगळ्यांनी पाहिलं."

"पाहिलं असेल. पण तक्रार कुणी केली नाही. त्यांना ते नकोच होतं."

सी मेझियान बाहेर आला. आतून नव्या साहेबाने विचारलं, कोण आहे, काय म्हणते. सी मेझियानने ओट्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने तिच्या बोलण्याला मऊ करून आत पोचवलं होतं, आणि आज ती काहीच बोलत नव्हती.

"काही नाही, साहेब," तो म्हणाला. "उन्हाला बसली आहे."

दुपारपर्यंत ती बसली. बेलाइदने तिला भाकरी आणि ताक आणून दिलं. तिने खाल्लं. मग ती उठली आणि वर आली, न्यायला आलेल्या आजोबांनी मागून घोंगडी आणली.

लाकडाचं काय करायचं यावर गावात पुष्कळ सूचना आल्या. कुणी म्हणालं, मशिदीला चौकट करा. कुणी म्हणालं, परात कोरून घ्या, जैतुनाची परात तीन पिढ्या जाते. फरूजाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला थंडी वाजते." तिने ते जाळलं. दोन हिवाळे पुरलं. शेजारणींनाही दिलं, विशेषतः जी गरोदर होती तिला, कारण तिला ओट्यावरून परत पाठवलं म्हणून ती अजून रुसलेली होती. कलमाच्या जोडाचा ओंडका फुटता फुटेना, म्हणून तो सगळ्यात शेवटी, अख्खाच चुलीत घातला. तो दोन दिवस धुमसला.

तेलासाठी ती आजोबांकडून घ्यायला तयार झाली. भाकरीवर घालून खायची आणि दर वेळी म्हणायची, जरा कडू आहे. आजोबा दर वेळी म्हणायचे, बरं. असं आणखी चार वर्षं चाललं. मग एका अंजिराच्या मोसमात, दुपारी वाळवणापाशी राखणीला बसली असताना ती गेली. पाखरांनी बरेच अंजीर खाल्ले, तेव्हा कळलं.

मी त्याच जमिनीवर कामाला आहे. द्राक्षं. छाटणी, खुडणी आणि पिंपं धुणं. त्या द्राक्षांची दारू आम्ही पीत नाही, पण पिंपं स्वच्छ धुतो. ओढ्यापासून चौथ्या-पाचव्या ओळीत ते झाड होतं, असं आजी सांगायची. नक्की जागा तिलाही दाखवता आली नाही, कारण ओळी सगळ्या सारख्या आहेत. मुकादम आता दुसरा आहे. गेल्या खेपेला त्याने छाटणी करताना मला टोकलं, म्हणाला, तू आतली फांदी काढतोस आणि बाहेरची ठेवतोस, तुला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, घरी. तो म्हणाला, ही द्राक्षं आहेत, सांगितलंय तसं काप.

मी सांगितलं तसं कापलं. त्याचं बरोबर होतं. वेलीची छाटणी वेगळी असते.